'स्लेव्ही' हे नाव कुणी ठेवलं? उत्तर कॅनडातले देने लोक आणि त्यांची खरी नावं

उत्तरवाट

अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनहून कामासाठी उत्तरेकडे जाणं होतं. साठाव्या अक्षांशावर अल्बर्टा संपतं, नॉर्थवेस्ट टेरिटरीज सुरू होतात आणि तिथून पुढे आर्क्टिकपर्यंतचा बहुतेक जंगलपट्टा देने लोकांचा. त्यातल्या एका मोठ्या गटाला सरकारी कागदांवर, नकाशांवर, व्याकरणाच्या पुस्तकांवर 'स्लेव्ही' म्हणतात. मराठीत या लोकांवर लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडलो. हा शब्द लिहावा का? म्हणून आधी नावांबद्दलच लिहितो.

नकाशात पाहिलंत तर वायव्य कॅनडात दोन अवाढव्य सरोवरं दिसतील. वरचं ग्रेट बेअर लेक, खालचं ग्रेट स्लेव्ह लेक. खालचं ६१४ मीटर खोल आहे, उत्तर अमेरिकेतलं सगळ्यांत खोल सरोवर. त्याला दक्षिणेकडून येऊन मिळणारी नदी स्लेव्ह रिव्हर. तिकडे अल्बर्टात आणखी एक, लेसर स्लेव्ह लेक. एवढ्या पाण्याला गुलामांचं नाव, आणि तिथे गुलामांचा बाजार कधीच भरला नव्हता.

हे नाव आलं देने लोकांच्या पूर्वेकडच्या शेजाऱ्यांकडून, क्री या दुसऱ्या मूळ रहिवासी लोकांकडून. १६७० साली फरचा व्यापार करणारी इंग्रजांची हडसन्स बे कंपनी स्थापन झाली आणि फरच्या व्यापारात क्री लोकांच्या हाती बंदुका आधी आल्या. पश्चिमेकडचे देने तेव्हा धनुष्यबाणावर होते. क्री टोळ्या त्यांच्यावर धाडी घालत, माणसं धरून नेत, आणि ज्यांच्यावर धाडी घालायच्या त्यांना 'बंदिवान, गुलाम' अशा अर्थाच्या शब्दाने ओळखत. गोरे व्यापारी क्री वाटाड्यांबरोबर आले आणि त्यांनी तोच शब्द उचलला. इंग्रजीत 'स्लेव्ह' झालं, फ्रेंचांनी 'एस्क्लाव्ह' केलं. फरचा व्यापारी आणि शोधप्रवासी अलेक्झांडर मॅकेंझी १७८९ च्या जून महिन्यात फोर्ट चिपेवायनहून होड्या घेऊन निघाला, स्लेव्ह नदीतून त्या सरोवरात शिरला आणि पुढे मोठ्या नदीने थेट आर्क्टिक समुद्रापर्यंत गेला. त्याच्याबरोबर चिपेवायन म्होरक्या होता, फ्रेंच कॅनडियन वल्हेकरी होते. वाटेत ज्यांच्या तळांवरून तो गेला त्यांची नावं त्याने त्यांच्या शेजाऱ्यांकडून ऐकली. शत्रूने ठेवलेलं नाव छापील नकाशावर गेलं आणि कायम झालं. 'स्लेव्ह' फारच उघडं दिसतं म्हणून पुढे कधीतरी शेवटी 'ई' लावून 'स्लेव्ही' झालं. अर्थ मात्र बदलला नाही.

ते स्वतःला काय म्हणतात? आधी 'देने', म्हणजे माणसं, लोक. पण हे नाव सगळ्यांचं आहे: चिपेवायन, त्लिचो असे शेजारचे गट, अगदी खाली ॲरिझोनातले नावाहोसुद्धा स्वतःला 'दिने' म्हणतात, तोच हा शब्द. त्याच्या पुढचं नाव गावावरून, पाण्यावरून पडतं. 'गोतिने' किंवा 'ओतिने' म्हणजे 'अमुक ठिकाणचे लोक'. ग्रेट बेअर लेकचं नाव साहतू, म्हणून काठचे लोक साहतू-ओतिने. डोंगरातले शूता-ओतिने. फोर्ट गुड होपकडचे काशो गोतिने, ज्यांना इंग्रजांनी 'हेअर' म्हणजे ससे करून टाकलं. दक्षिणेकडे मोठ्या नदीकाठचे लोक देहचो देने. अल्बर्टाच्या वायव्य कोपऱ्यात देने था. इंग्रजी पुस्तकात या सगळ्यांवर एकच चिठ्ठी लावलेली असते, 'स्लेव्ही, उत्तर आणि दक्षिण'.

माझं म्हणणं एवढंच आहे: हे एक नाव काढून त्याजागी दुसरं एक नाव ठेवल्याने काम भागत नाही. त्या लोकांना एकच नाव कधी नव्हतंच. जिथला माणूस तिथलं नाव.

---

सुमेधा_पुणे

लेख आवडला. आम्ही शाळेत 'ग्रेट स्लेव्ह लेक' पाठ केलं, नाव कशावरून हे कुणी विचारलंही नाही. एक विचारते. त्या सरोवराला त्यांच्या भाषेत काही नाव असेलच ना?

उत्तरवाट

एक नाही, कितीतरी. देहचोकडचे देने तुचो म्हणतात, म्हणजे मोठं पाणी. पूर्वेच्या काठावरचे चिपेवायन तु नेधे म्हणतात. त्लिचो लोकांचं नाव आणखी वेगळं. सरोवराचं नाव बदला ही मागणी तिथे पुन्हापुन्हा होते.

नदीचंही तसंच. नकाशात मॅकेंझी. दक्षिणेकडचे देने तिला देहचो म्हणतात, मोठी नदी. थोडं उत्तरेला गेलं की देहो. त्रिभुज प्रदेशाकडे ग्विचिन तिला नाग्विचूनजिक म्हणतात आणि समुद्राजवळचे इनुव्हिआलुइत कूकपाक. एका नदीची लांबी १,७३८ किलोमीटर, वाटेत इतक्या लोकांची घरं, तर इतकी नावं असणारच.

फोर्ट प्रॉव्हिडन्सजवळ या नदीवर पूल झाला तो २०१२ च्या नोव्हेंबरात. त्याआधी उन्हाळ्यात फेरी आणि हिवाळ्यात बर्फावरून रस्ता असायचा. बर्फ धरण्याच्या आणि फुटण्याच्या दिवसांत दोन्ही बंद. मग टेरिटरीजच्या राजधानीत, यलोनाइफमध्ये भाजी-दूध महाग व्हायचं, माल हेलिकॉप्टरने पलीकडे न्यावा लागायचा. पुलाचं नाव ठेवलं देहचो ब्रिज. त्या एक किलोमीटरच्या पुलावर उभं राहिलं की पायाखाली पाटीवरचं नाव देहचो आणि पाण्याचं नाव नकाशात मॅकेंझी.

मी_विदर्भी

वाचतोय. उच्चाराबद्दल कुणी लिहा. देने की डेने? दोन्ही वाचलंय.

अक्षरधुनी

यावर मी लिहितो, ध्वनिविचार हा आवडीचा विषय आहे.

इंग्रजी लोक 'डेने' म्हणतात. पण देने लिपीत जे 'डी' अक्षर लिहितात तो आपला द नाही आणि ड पण नाही. तो श्वास न सोडता उच्चारलेला त/ट, जीभ दातांच्या किंचित मागे. 'टी' लिहिलं की तो महाप्राण, आपल्या थ/ठच्या जवळचा. आणि 'टी'वर वर स्वल्पविरामासारखी खूण असली की तिसराच आवाज: घशातली हवा अडवून टचकन सोडलेला. क-वर्गातही तेच, 'जी' म्हणजे आपला क आणि 'के' म्हणजे ख. इंग्रजी कानाला अल्पप्राण-महाप्राण हा भेद पकडायला कष्ट पडतात, आपण तो दुसरीत शिकतो. तिसरा, टचका आवाज मात्र आपल्याकडे नाही.

आणखी एक गंमत. चारमधला च आणि चाळमधला च आपण वेगळे उच्चारतो. त्यांच्याकडे हे दोन्ही आहेत, आणि लिहितातही वेगवेगळे. ज आणि झचंही तसंच. अनुनासिक स्वरही आहेत, अक्षराखाली शेपटी काढून दाखवतात. 'ओतिने'चे शेवटचे दोन्ही स्वर नाकातले आहेत, म्हणजे काटेकोर लिहायचं तर 'ओतीँनेँ'. त्यावर सूर: उंच सुराच्या स्वरावर तिरपी रेघ, खालच्या सुरावर काही नाही.

आपल्याला सर्वांत अवघड जाईल तो एक ल. जीभ ल म्हणायच्या जागी ठेवायची आणि बाजूने नुसती हवा सोडायची. तो देवनागरीत लिहायची सोय नाही. त्लिचोमधला 'त्ल' त्याच घरातला.

मी मराठीत 'देने' लिहीन. तंतोतंत नाही, पण वाचणाऱ्याला धड उच्चारता येतं आणि 'डेने'मधला इंग्रजी ड तरी टळतो.

रानभूल

@अक्षरधुनी, छान माहिती. उत्तर आणि दक्षिण स्लेव्ही या दोन भाषा आहेत की एकाच भाषेच्या बोली?

अक्षरधुनी

भाषाशास्त्रज्ञ एकच बोलीसाखळी मानतात. केरेन राइस यांचं १९८९ चं मोठं व्याकरण सगळ्या बोलींना एकत्र घेतं. तिथले लोक मात्र आपापल्या बोलीला वेगळं नाव देतात: दक्षिणेला देने झातिए, उत्तरेला देने केदे.

कानाला फरक लगेच कळतो. 'दगड' घ्या. दक्षिणेला थ्थे (जीभ दातांमध्ये धरून). डोंगराकडे त्याचा पे होतो. बेअर लेकला क्वे. फोर्ट गुड होपला फे. एकच जुना आवाज, चार ठिकाणी चार वाटा. गावांच्या नावांतही तो सापडतो: नहानी ब्यूटचं नाव थ्थेनागो, त्यातला 'थ्थे' म्हणजे हाच दगड. कुणाही जाणत्या माणसाला एक शब्द बोलायला सांगितलं की तो कुठल्या पाण्याचा ते ओळखू येतं. @उत्तरवाट म्हणतात ती 'जिथला माणूस तिथलं नाव' ही गोष्ट भाषेतही अशी दिसते.

कोकणकडा

मला एक शंका मांडायची आहे, वादासाठी नाही. हे लोक स्वतः 'आय स्पीक स्लेव्ही' असं म्हणताना मी माहितीपटांत ऐकलंय. टेरिटरीजच्या कायद्यात ११ अधिकृत भाषा आहेत, त्यांत 'नॉर्थ स्लेव्ही' आणि 'साउथ स्लेव्ही' हीच नावं आहेत. मग आपण बाहेरच्यांनी हा शब्द टाळायचा आग्रह का धरायचा? ज्यांचं नाव आहे त्यांना चालत असेल तर?

उत्तरवाट

शंका रास्त आहे. तुम्ही ऐकलंत ते खरंच आहे, विशेषतः वयस्क लोक इंग्रजीत बोलताना सहज 'स्लेव्ही' म्हणतात. शाळेत, दवाखान्यात, दुभाष्याच्या फॉर्मवर तोच शब्द होता. कायद्यातही आहे. पण तोच माणूस आपल्या भाषेत बोलायला लागला की हा शब्द तोंडात येत नाही, कारण त्यांच्या भाषेत तो नाहीच.

आणि हे लोक गप्प बसलेले नाहीत. १९७५ च्या जुलैत फोर्ट सिंप्सनला देने जाहीरनामा मंजूर झाला, 'आम्ही देने एक राष्ट्र आहोत' या अर्थाचा. त्या वेळी त्यांच्या संघटनेचं नाव होतं इंडियन ब्रदरहुड. १९७८ ला ते बदलून देने नेशन केलं. साहतूकडच्यांनी १९९३ साली जमिनीचा करार केला तो 'साहतू देने आणि मेती' या नावाने (मेती म्हणजे मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचे लोक). दक्षिणेकडची संघटना देहचो फर्स्ट नेशन्स. 'स्लेव्ही' नावाने त्यांनी स्वतःचं एकही सरकार उभारलेलं नाही. यावरून मला जे कळायचं ते कळलं. भाषेचा संदर्भ देताना, शोधणाऱ्याला सापडावं म्हणून, एकदा 'उत्तर स्लेव्ही' लिहावं लागेल. माणसांना मात्र मी तसं म्हणणार नाही.

कोकणकडा

पटलं. संघटनांच्या नावांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

टोरांटोकर

गावांच्या नावांबद्दल थोडी भर घालतो. तिकडच्या गावांची इंग्रजी नावं पाहिली की सगळे फोर्टच फोर्ट. फोर्ट सिंप्सन हे हडसन्स बे कंपनीच्या जॉर्ज सिंप्सनवरून. फोर्ट फ्रँकलिन हे जॉन फ्रँकलिनवरून, त्याने १८२५ ते १८२७ चे हिवाळे तिथे काढले. लढाईचा किल्ला एकही नाही, बहुतेक सगळी फरची गोदामं.

आता खरी नावं बघा. फोर्ट सिंप्सन म्हणजे लीदली कुए, नद्या एकत्र येतात ती जागा. लिआर्ड नदी तिथेच देहचोला मिळते. फोर्ट फ्रँकलिन १९९३ ला पुन्हा देलिने झालं, पाणी वाहतं ती जागा, कारण ग्रेट बेअर नदी तिथूनच निघते. फोर्ट नॉर्मन १९९६ ला तुलिता झालं, पाणी मिळतं ती जागा. ट्राउट लेकचं २०१६ ला सांबा के झालं. नॉर्मन वेल्सचं देने नाव त्लेगोहली, म्हणजे तेल आहे तिथे. गंमत नाही, खरंच तेल आहे: १९२० ला तिथे तेल लागलं आणि पुढच्याच वर्षी, १९२१ च्या उन्हाळ्यात, सरकार ट्रीटी ११ या जमिनीच्या करारावर सह्या घ्यायला बोटीने येऊन पोचलं. त्याआधी वर्षानुवर्षं हे लोक करार मागत होते, तेव्हा सरकारला सवड नव्हती.

या नावांनी नदीवरचा रस्ता कळतो. 'सिंप्सन'ने काय कळतं?

निळी शाई

+१. तुलिताजवळच्या बेअर रॉकची गोष्ट कुणाला माहीत आहे का? देने नेशनच्या चिन्हात ती आहे असं वाचलं होतं.

टोरांटोकर

हो. यामोरिया नावाचा त्यांचा मोठा वीर. पूर्वी प्राणी राक्षसी आकाराचे होते आणि माणसांना त्रास द्यायचे, त्यांना त्याने आवरलं. साहतूवर महाकाय बीव्हर (पाण्यात बांध घालून राहणारे प्राणी) होते, त्यांचा पाठलाग करत तो नदीने खाली आला, तीन मारले आणि त्यांची कातडी बेअर रॉकवर ताणून वाळत घातली. डोंगराच्या अंगावर तीन तांबूस ठसे दिसतात, ती ती कातडी. तिथून पुढे नदीकाठी जमिनीतल्या कोळशाचे थर आजही धुमसतात, मॅकेंझीनेही १७८९ ला तो धूर पाहिला होता. लोक सांगतात, यामोरियाने बीव्हरचं मांस भाजायला पेटवलेला तो जाळ. यामोरिया वेगवेगळ्या भागात वेगवेगळ्या नावांनी येतो. त्लिचोंकडे तो यामोझा.

सुमेधा_पुणे

माणसांच्या नावांबद्दलही सांगा ना. आडनावं कशी असतात?

उत्तरवाट

हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडं सविस्तर.

पूर्वी आडनाव नव्हतं. एक नाव असे, तेही आयुष्यभर तेच राहील असं नाही. मूल झालं की आईबापांना मुलाच्या नावाने ओळखायचे: अमक्याचा बाप, अमकीची आई. मग मिशनरी आले. एमिल पेतितो या फ्रेंच पाद्र्याने तिथे राहून १८७६ ला भाषांचा मोठा कोश छापला, पण त्याच मिशनच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत माणसं फ्रेंच झाली. बाप्तिस्त, आंत्वान, पिएर. आजही देहचोकडे आंत्वान, साबुरँ, बोनेरूज ही आडनावं आहेत. बोनेरूज म्हणजे लाल टोपी. फोर्ट सिंप्सनला तर नॉर्विजियन हे आडनाव आहे आणि घराणं पक्कं देने. १९२१ ला करारासाठी सरकारी माणूस आला तेव्हा नॉर्विजियन नावाच्या म्होरक्याने सही करायला नकार दिला. सही झाली ती आंत्वानची. दोन्ही घराण्यांतून पुढे नेते निघाले: जिम आंत्वान टेरिटरीजचे प्रीमियर (मुख्यमंत्री) झाले, हर्ब नॉर्विजियन देहचोचे ग्रँड चीफ.

मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून दूर ठेवणाऱ्या सरकारी-मिशनरी निवासी शाळांनी त्यावर कडी केली. फोर्ट प्रॉव्हिडन्सला १८६७ पासून मिशनची शाळा. अशा शाळांत मुलांना घरची भाषा बोलायची बंदी, आणि कितीतरी ठिकाणी नावाऐवजी नंबर. कपड्यांवर नंबर, खाटेवर नंबर. सात-आठ वर्षांचं पोर नंबर ऐकून उभं राहायला शिकतं, मग सुट्टीत घरी आल्यावर आजीची हाक त्याला कळत नाही.

या शाळांची चौकशी करणाऱ्या कॅनडाच्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ ला ज्या ९४ मागण्या मांडल्या त्यातली १७वी हीच आहे: शाळांनी बदललेली नावं परत घेणाऱ्यांना पाच वर्षं फी माफ करा, सगळ्या कागदांवर. पासपोर्टसाठी केंद्र सरकारने ते २०२१ ला मान्य केलं.

सुमेधा_पुणे

'अमक्याचा बाप' वाचून माझी आजी आठवली. आजोबांना ती शेवटपर्यंत 'बंडूचे बाबा' म्हणाली. नंबरांचं वाचून मात्र वाईट वाटलं.

रानभूल

नाव परत घेताना लिपीची अडचण येत नाही का? त्या शेपट्या, टचके आवाज संगणकावर कसे टाकतात?

अक्षरधुनी

येते, आणि गंभीर येते. २०१४ ला यलोनाइफमधल्या एका आईने मुलीचं नाव चिपेवायन भाषेत ठेवलं. त्यात कंठ्य स्पर्शाची (घशात हवा क्षणभर अडवून काढलेल्या आवाजाची) खूण होती, बिनटिंबाच्या प्रश्नचिन्हासारखी दिसणारी. जन्मनोंदणीवाल्यांनी सांगितलं की रोमन अक्षरंच चालतील, ही खूण काढा. तिचं म्हणणं होतं, तो आवाज काढला तर ते नाव राहतच नाही. शेवटी बाळाचे कागद अडू नयेत म्हणून त्या जागी तात्पुरती आडवी रेघ घालावी लागली. गोष्ट देशभर गाजली. त्याच टेरिटरीजच्या कायद्यात ती भाषा अधिकृत आहे, आणि त्या अधिकृत भाषेतलं नाव दाखल्यावर बसत नव्हतं.

फाँट आणि कीबोर्ड आता मिळतात. गावांच्या पाट्यांवर, शाळेच्या पुस्तकांत शेपट्या आणि खुणा नीट छापलेल्या दिसतात. बोलणारे मात्र कमी उरलेत, उत्तर-दक्षिण मिळून दोन हजारांच्या आतबाहेर, त्यांत म्हातारे जास्त.

मी_विदर्भी

'देने' या शब्दाची एक फोड मी वाचली होती, दे म्हणजे नदी आणि ने म्हणजे जमीन. बरोबर आहे का?

अक्षरधुनी

भाषाशास्त्राने पाहिलं तर 'माणूस' हा एकच जुना शब्द आहे, नावाहोतला 'दिने' त्याचाच भाऊ. पण नदी आणि जमीन ही फोड तिथले वडीलधारे मुलांना शिकवताना देतात. ती त्यांची आहे, तिला खोटं म्हणायला आपण कोण. दोन्ही लिहावं आणि कोण काय म्हणतं ते सांगावं.

निळी शाई

@उत्तरवाट, माझी भाची नववीत आहे, तिला कॅनडातल्या मूळ रहिवाशांवर प्रकल्प करायचा आहे. तिने ग्रेट बेअर लेककाठचे लोक घेतलेत. मराठीत शीर्षक काय लिहू देऊ?

उत्तरवाट

'देलिनेचे साहतू-ओतिने'. पहिल्या परिच्छेदात एका वाक्यात सांगा की हे देने लोक आहेत आणि इंग्रजी पुस्तकांत त्यांची भाषा 'नॉर्थ स्लेव्ही' या नावाखाली सापडते, म्हणजे तिला पुढे शोधता येईल. देलिनेला २०१६ च्या सप्टेंबरपासून स्वतःचं सरकार आहे, देलिने गोतिने गव्हर्नमेंट, गावाचा आणि लोकांचा कारभार एकाच ठिकाणी. ते जरूर घ्यायला सांगा. त्याच वर्षी युनेस्कोने त्या सरोवराला जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली, तेही साहतूकडच्याच नावाने, त्सा तुए. नकाशा काढेल तेव्हा सरोवरावर साहतू लिहायचं आणि खाली बारीक अक्षरात ग्रेट बेअर लेक.

निळी शाई

सांगते तिला. नकाशाचं तर आजच करायला बसवते.